वाळवंटाच्या सुगंधाची हस्तनिर्मित जपानी उदबत्ती: घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा, की वाळूला वास नसतो, मग 'वाळवंटाचा सुगंध' हे फक्त पाकिटावरचं नाव आहे का, आणि आपली उदबत्ती असताना एवढी महाग जपानी कशाला घ्यायची. माझं मत: जरूर घ्या, पण आत काय घातलंय ते वाचून.

वाळूला वास नाही हे खरं. पण तिथल्या झाडाझुडपांना आहे, आणि तो चांगला दाट असतो. पाणी जपायचं, जखम बुजवायची, कीड आणि शेळ्या-उंट दूर ठेवायचे, म्हणून ती अंगात राळ आणि सुगंधी तेलं साठवतात. ओमानच्या धोफार भागात झाडाच्या सालीला चीर देतात, पांढरा चीक पाझरतो आणि काही दिवसांत त्याचे खडे होतात. तोच फ्रँकिन्सेन्स. विदर्भातली, सातपुड्यातली सालई ही त्याच झाडाची बहीण. सोमालियाकडून येणारा हिराबोळ तर आपल्याकडे बाळंतिणीच्या औषधांत पूर्वापार आहे. म्हणजे अरबी वाळवंटाचा वास आपल्या नाकाला परका नाही. अमेरिकेतलं सोनोरन वाळवंट मात्र निराळं. तिथे पावसानंतर जो वास दरवळतो तो क्रिओसोट नावाच्या झुडपाच्या राळेचा. त्यामुळे पाकिटावर कुठलं वाळवंट म्हटलंय ते आधी बघा. राळ, हिराबोळ, चंदन अशी नावं दिलेली असतील तर मी विश्वास ठेवते. नुसतं 'सुगंध' लिहिलं असेल तर सहसा अत्तराचं काम असतं.

आता जपानी का? कारण तिच्यात बांबूची काडी नसते. आपल्या उदबत्तीत काडीही जळते आणि तिचा धूर वासात मिसळतो. जपानमध्ये ताबू नावाच्या झाडाच्या सालीची पूड वापरतात. गरम पाण्यात मळली की ती चिकट होते, सगळं मिश्रण धरून ठेवते आणि स्वतः फारसा वास देत नाही. त्यामुळे राळेसारखा नाजूक वास स्वच्छ कळतो. पण राळ हवी तेवढी घालता येत नाही. ती जास्त झाली तर वितळते, उदबत्ती विझते किंवा करपट वास येतो. हे प्रमाण जमवणं हीच खरी कारागिरी, आणि माझ्या मते पैसे त्याचेच.

जपानमधल्या उदबत्त्यांचा मोठा हिस्सा आवाजी बेटावर तयार होतो. तिथल्या एइ या किनारी गावात 1850 च्या सुमाराला हा धंदा आला. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा इतका सुटतो की होड्या समुद्रात घालता येत नाहीत. त्या महिन्यांत हाताला काम हवं होतं, आणि तोच वारा काड्या वाळवायला उपयोगी पडला. 'हस्तनिर्मित' म्हटलं तरी कणीक साच्यातून दाबून काढायला बहुधा यंत्र असतं. ओल्या काड्या फळीवर सरळ लावणं, कडा कापणं, वाकड्या निवडून काढणं हे हाताचं काम. घाईने वाळवल्या तर त्या वाकतात.

पहिल्यांदा लहान पाकीट घ्या. भोकाच्या स्टँडमध्ये खोचू नका, मोडेल. वाटीत राख घेऊन तीत हलकेच उभी करा. राखेत रुतलेला भाग विझतो, तेवढा वाया जातो. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि मसाल्यांपासून लांब, नाहीतर वाळवंटाला हिंगाचा वास लागेल. धूर कमी असतो, नसतो असं नाही. घरात कुणाला दमा असेल तर खिडकी उघडी ठेवा किंवा लावूच नका.

वास जोखायचा तर काडी जळत असताना नाही. ती संपल्यावर खोलीबाहेर जा आणि थोड्या वेळाने परत या. चांगली राळ असेल तर खोलीत लिंबाच्या सालीसारखा, कोरडा, किंचित कडवट वास रेंगाळलेला असतो. गोडसर साबणासारखा आला, तर पुढचं पाकीट दुसऱ्या कारागिराकडून घ्या.