शंभर वर्षांपूर्वीची सिनेमाची कात्रणं

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत १९२५च्या आसपासची कात्रणं सापडली. त्यांत मूकपटांच्या बातम्या, जाहिराती आहेत. ठेवावीत का?
– एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : ताई, एकही टाकू नका! त्या काळातले बहुतेक मूकपट आज उरलेलेच नाहीत. नायट्रेटची फिल्म झटकन पेट घेई, न पेटली तरी कुजून जाई. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५चा. कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार झालेला शेतकरी त्यात होता आणि ती भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली होती. आपल्या मराठवाड्यानं हा चित्रपट पाहायलाच हवा होता, असं मला फार वाटतं. पण त्याची मूळ मूक प्रत आता नाही. अशा वेळी जाहिरातीच्या चार ओळीसुद्धा मोलाच्या.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणून हैदराबादच्या बातम्या आधी वेगळ्या काढा. बंगाली दिग्दर्शक धीरेन गांगुली तिथे लोटस फिल्म कंपनी चालवत होते. १९२४ साली त्यांनी ‘रझिया बेगम’ दाखवला आणि निजामानं त्यांना संस्थान सोडायला लावलं. याबद्दल तुमच्याकडे एखादी ओळ जरी निघाली, तरी मला जरूर कळवा.

कात्रणांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही नको. सावलीतल्या उजेडात फोटो काढा, पाठीमागचा मजकूरही घ्या. पुष्कळदा तारीख त्यावरूनच लागते.