वाचकांचे प्रश्न : पहिलटकरीण, माहेर आणि आशाताईची भेट

बाळंतपणानंतर आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, घरी येऊन आई-बाळाला तपासतात, त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. बहुतेक पत्रं पहिल्या खेपेच्या, सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या मुलींच्या घरची आहेत.

मुलगी पहिलटकरीण आहे. सासर पुण्यात, जावई रोजंदारीवर. आठव्या महिन्यात तिला आमच्या गावी आणतोय. बाळंतपणानंतर घरी कोण येईल, सासरची आशा की आमच्या गावची?
— एक आई, सातारा जिल्हा

तुमच्या गावची. बाळंतीण ज्या घरी असेल, तिथल्या आशाने भेटी द्यायच्या असतात. पण ती आपोआप येईल असं धरून चालू नका. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे आणि नेमकी तिथेच साखळी तुटते. सासरच्या आशाच्या वहीत 'माहेरी गेली' असा शेरा पडतो, माहेरच्या वहीत नावच नसतं. पहिला आठवडा कोणीही न येता निघून जातो, आणि बाळाच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो तो त्याच आठवड्यात.

मुलगी घरी आली की दोन दिवसांत तुम्हीच आशाताईंकडे जा. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. ते सासरी राहिलं असेल तर आजच मागवा. त्यावरच्या नोंदणी क्रमांकामुळे आधीच्या तपासण्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, हिमोग्लोबिन हे सगळं इथल्या नर्सला कळतं. बाळंतपण झालं की दवाखान्यातूनच आशाताईंना फोन करा, घरी पोचल्यावर नको.

भेटी ठरलेल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा 6, आणि घरीच झालं तर पहिल्या दिवसाची धरून 7. सिझेरियन असेल तर तिसऱ्या दिवशी आई-बाळ दवाखान्यातच असतात, त्यामुळे सातव्या दिवसापासून मोजायचं. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांच्याही भेटी आहेत. तोवर मुलगी सासरी गेलेली असेल, तेव्हा तिथल्या आशाला कळवायचं काम पुन्हा घरच्यांचंच.

आमच्याकडे ताई आल्या, 'बाळ बरं आहे ना' विचारलं, सही घेतली आणि गेल्या. भेटीत नेमकं काय व्हायला हवं?
— एक बाळंतीण, जालना जिल्हा

बरंच काही, आणि ते पाच मिनिटांत होत नाही. आधी साबणाने हात धुणं. मग बाळ शांत असताना झबलं वर करून श्वास मोजणं, घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं चूक आहे, कारण नवजात बाळ काही क्षण भरभर श्वास घेतं, मग जरा थांबतं. आकडा 60 किंवा जास्त आला तर पुन्हा मोजायचं. परत तितकाच आला, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच दवाखाना.

मग काखेत थर्मामीटर. 97.7 ते 99.5 फॅरनहाइट ठीक. ताप आला की सगळे धावतात, पण बाळ गार पडणंही तितकंच वाईट. तळपाय आणि पोट दोन्ही गार लागत असतील तर बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर घ्या, वरून दुपटं, डोक्याला टोपी. तासाभरात ऊब आली नाही तर दवाखाना. नाळ कोरडी हवी. हळद, तेल, राख, पावडर काहीही लावायचं नाही. बेंबीभोवती लाली किंवा पू दिसला तर घरी औषध करू नका. कावीळ दिवसाच्या उजेडात बघायची. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर त्याच दिवशी जा, कोवळ्या उन्हात धरून ती उतरत नाही.

सगळ्यात जास्त गाळला जाणारा भाग म्हणजे बाळाला पाजताना बघणं, आणि पहिलटकरणीला गरज असते ती याचीच. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा, असं असेल तर पकड बरोबर. नुसती बोंडशी तोंडात असेल तर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. अशा वेळी ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड सुटते, मग पुन्हा लावा.

आईचीही विचारपूस याच भेटीत व्हायला हवी. तासाभरात पॅड भिजणं, अंगावरून घाण वास येणं, ताप, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही. गरोदरपणात बीपी नीट होतं म्हणून निर्धास्त राहू नका, ते बाळंतपणानंतरही वाढू शकतं.

पुढच्या भेटीला ताईंना सरळ म्हणा, 'ताई, श्वास मोजून दाखवा, मलाही शिकवा.' यात भांडण नाही. एकेका आशावर कामाचा डोंगर असतो हे खरं आहे, पण न झालेल्या तपासणीखाली सही करू नका.

आशा म्हणजे नर्स नव्हे. अमेरिकेत गरीब पहिलटकरणींकडे प्रशिक्षित नर्स जाते असं वाचलं. आपल्याकडे का नाही?
— नर्सिंगची विद्यार्थिनी, नाशिक

तुम्ही वाचलंय ते खरं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी 1977 मध्ये डेव्हिड ओल्ड्स यांनी तो प्रयोग सुरू केला. तिथे नर्स गरोदरपणातच जोडली जाते, साधारण 28 व्या आठवड्याच्या आत, आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत तीच येत राहते. 15 वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या घरांत मुलांची हेळसांड आणि मारहाण कमी आढळली.

आपला प्रश्न वेगळा होता, बाळ पहिला महिना जगवण्याचा. त्याचं उत्तर गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत थोडं शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. श्वास मोजणं, ऊब देणं आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणं त्यांना शिकवलं. तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि 2011 पासून देशभरातल्या आशांच्या घरभेटी त्याच धर्तीवर सुरू झाल्या. म्हणजे शिकवलेली शेजारीण हे काम करू शकते. पण दोन वर्षं एकाच ओळखीच्या बाईने येत राहणं, आईच्या मनाशी आणि घरातल्या ताणाशी बोलणं, हे आपल्याकडे अजून नाही आणि ते हवं आहे. आज आशाला अडलं तर तिने उपकेंद्राच्या सिस्टरला बोलवावं, ही वाट तरी उघडी आहे. ती वापरा.

जन्माचं वजन 2 किलो 700, सातव्या दिवशी 2 किलो 550 भरलं. सासूबाई म्हणतात दूध पुरत नाही, पावडरच्या दुधाचा डबा आणा.
— अहिल्यानगर

डबा आणू नका. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन जन्माच्या दहाव्या हिश्शापर्यंत उतरू शकतं. तुमच्या बाळाच्या बाबतीत ती मर्यादा 270 ग्रॅम, उतरलंय 150. दहाव्या दिवसाच्या आसपास ते जन्माच्या आकड्यावर यावं, मग रोज 20 ते 30 ग्रॅम वाढावं.

आणखी एक गोष्ट. दवाखान्यातला काटा वेगळा आणि आशाताईंचा झोळीचा काटा वेगळा. झोळी अडकवून काटा शून्यावर आणला नाही, किंवा बाळ दुपट्यासकट ठेवलं, तर शे-दीडशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. पुढच्या भेटीला त्याच काट्यावर, बाळाला उघडं करून वजन करायला सांगा.

दूध पुरतं की नाही हे लंगोटावरून कळतं. आठवडा झालेल्या बाळाने 24 तासांत सहा किंवा जास्त वेळा शू केली तर पुरतंय. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा, रात्रीचं चुकवू नका. सासूबाईंना शत्रू समजू नका, त्यांना लंगोट मोजायच्या कामाला लावा. पाणी, गुटी, मध यातलं काही नको. मधातून होणारी विषबाधा लहान बाळाच्या जिवावर बेतू शकते. चौदाव्या दिवशीही वजन जन्माच्या आकड्याला पोचलं नाही, किंवा बाळ पाजायलाही उठेनासं झालं, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

मातृवंदना योजनेचे पैसे आले नाहीत. फॉर्म तर भरला होता.
— धाराशिव

पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गर्भारपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाली की 3,000, आणि बाळाची जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की 2,000. पैसे बाईच्या आधारला जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर कोणतंही खातं लिहिलेलं असो. सगळ्यात शेवटी जे खातं आधारला जोडलं, त्यात. लग्नाआधी माहेरी काढलेलं, विसरून गेलेलं खातं आधी तपासा, पैसे तिथे पडून असल्याचं बऱ्याचदा दिसतं. दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं आडनाव आणि माता-बाल कार्डावर सासरचं असेल तर अर्ज अडकतो. जन्मनोंद 21 दिवसांत मोफत होते, ती लांबवू नका.

बायको वीस दिवसांची बाळंतीण आहे. सारखी रडते, बाळ झोपलं तरी झोपत नाही. आई म्हणते, नजर लागली.
— पिंपरी

पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं असतं आणि ते आपसूक ओसरतं. वीस दिवसांनंतरही टिकलं तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. तिला दोष देऊ नका, एकटी ठेवू नका. रात्री एक पाजणं झालं की बाळ तुम्ही घ्या आणि तिला सलग चार तास झोपू द्या. आशाताईंना खरं काय ते सांगा. 14416 या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मरणाच्या गोष्टी करत असेल, बाळाला इजा होईल असं बोलत असेल किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर सकाळची वाट बघू नका, 108 बोलवा.

आम्ही ऊसतोडीला जातो. बाळ दीड महिन्याचं होईल तेव्हा कोल्हापूरकडे असू.
— बीड जिल्हा

निघण्याआधी आशाताईंना मुक्कामाचं गाव आणि कारखाना सांगा. दीड महिन्याच्या लसी कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात, माता-बाल कार्ड मात्र हवं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत नको, अंगावरच्या पिशवीत ठेवा. पहाटे फडावर जाण्याआधी पोटभर पाजा. बाळ कोपीवर (झोपडीवर) कोणाकडे ठेवणार असाल तर हाताने दूध काढून उकळलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या वाटीत ठेवा. सावलीत ते चार तास टिकतं. वाटी-चमच्याने पाजायला सांगा, बाटली नको, ती फडावर स्वच्छ राहत नाही. फडात दुपारी छाती भरून दुखायला लागली तर थोडं दूध पिळून काढा, दाबून ठेवलंत तर गाठ होते आणि ताप येतो. चूल कोपीच्या बाहेर पेटवा, धूर बाळाच्या अंगावर येऊ देऊ नका.