हेल्पलाइनला एकदा फोन करून गेलेल्या माणसाची पुढची विचारपूस: खर्च किती आणि देणार कोण?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: कोल्हापुरात तुमच्या ट्रस्टची संध्याकाळची हेल्पलाइन आहे, आत्महत्येचे विचार येणारे लोक फोन करतात, स्वयंसेवक तासभर बोलतात आणि फोन ठेवला की दोर तुटतो. त्यांना परत फोन करायचा तर पैसा किती लागेल आणि कुठून आणायचा?

आधी गणित मांडतो. बहुतेक प्रस्ताव तिथेच फसतात.

वेळापत्रक नव्याने शोधायला नको. जागतिक आरोग्य संघटनेचा पाच देशांतला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला, त्यात आपलं चेन्नईही होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्यांशी एकदा तासभर बोलायचं आणि मग 18 महिन्यांत 9 वेळा फोन किंवा भेट: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्याला, पुढे चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्याला. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात आत्महत्येने 2.2 टक्के माणसं गेली, संपर्कात ठेवलेल्यांत 0.2 टक्के. हे आकडे प्रस्तावात जरूर घाला, पण आपलंही तसंच होईल असं लिहू नका. ते लोक रुग्णालयातून आले होते, तुमचे फोनवरून येणार. फोनवाल्यांबद्दल 2018 चा एक अमेरिकी अभ्यास आहे. मागाहून आलेल्या फोनमुळे आपण जीव देण्यापासून थांबलो, असं त्यात सुमारे 80 टक्के लोकांनी स्वतः सांगितलं. तो लोकांचा अनुभव आहे, मृत्यूंची मोजदाद नव्हे, एवढा फरक लक्षात ठेवा.

मी त्या नऊमध्ये आणखी एक फोन धरतो, पहिल्या 72 तासांतला. म्हणजे माणशी 10. आता समजा महिन्याला 40 जण ‘हो, परत फोन करा’ म्हणाले. पहिल्या महिन्यात शंभरच्या आतच फोन होतात आणि सगळ्यांना वाटतं, एवढंच तर काम आहे. सहाव्या महिन्यात जुन्यांचे फोन मिळून ते 280 होतात, दीड वर्ष उलटलं की 400. न उचललेले फोन आणि नोंदी धरून एका संपर्काला अर्धा तास, म्हणजे महिन्याला 200 तास. एका समुपदेशकाच्या हातात महिन्याला जेमतेम 120 तास उरतात. बाकीचे बैठका, मार्गदर्शन आणि रजेत जातात. तेव्हा दोन पगारी माणसं लागतातच. स्वयंसेवक येणारे फोन उत्तम सांभाळतात, पण ठरलेल्या तारखेला त्याच आवाजाने परत फोन जायला हवा असेल तर ते काम पगारीच हवं.

रुपयांत मी असं धरतो: समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण (एमएसडब्ल्यू) झालेले दोन समुपदेशक प्रत्येकी 25 हजार, आठवड्यातून काही तास देणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट 15 हजार, सिम-रिचार्ज 2 हजार, माणसाला दवाखान्यापर्यंत नेण्याचा प्रवास 10 हजार, हिशेब-ऑडिट 5 हजार. महिन्याला 82 हजार, वर्षाला पावणेदहा लाखांच्या थोडं वर. वर्षाची 480 माणसं धरली तर माणशी दोन हजारांच्या आसपास. प्रवासाची ओळ कापू नका. चंदगडहून कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, यायचं म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त आणि दिवसाची मजुरी बुडते. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे, पण सोबत कोणी तरी लागतंच.

आता देणारे. आरोग्य विमा आणि जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल झालेल्याचं बिल बघतात, फोनवरच्या विचारपुशीला तिथून काही मिळेल असं धरू नका. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायचा खर्च, हा खरा रस्ता. नक्त नफा 5 कोटींवर गेलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडच्या औद्योगिक वसाहतींत अशा कंपन्या सापडतील. तुमच्याकडे 12ए (ट्रस्टला करसवलत), 80जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेण्यासाठी) या नोंदण्या आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. तो नसेल तर जुन्या ट्रस्टला सोबत घ्या. करार ‘चालू प्रकल्प’ म्हणून करून घ्या: सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षं मिळू शकतात. म्हणूनच एप्रिलमध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाला जवळजवळ चार वर्षं मिळतात, फेब्रुवारीत सुरू केलेल्याला तीनच्या थोडी वर. मार्चअखेरीस घाईने आलेला चेक गोड लागतो, पण वर्ष खातो.

त्या 5 कोटींच्या मर्यादेखालच्या छोट्या फाउंड्रीवाल्यांकडून साधी देणगी घ्या. दोन हजारांवरची रोख त्यांना 80जी मध्ये चालत नाही, आणि देणग्यांचं 10बीडी विवरण आयकर खात्याकडे तुम्ही 31 मेपर्यंत भरलं नाही तर दुसऱ्या वर्षी तो माणूस तुमचा फोन उचलणार नाही.

शासनाकडे पैसा मागू नका, ओपीडीचा वार मागा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून कळतात. त्यांच्याकडून ठरलेला ओपीडीचा वार, एका समाजसेवकाचं नाव आणि गडहिंग्लज, इचलकरंजीकडे मानसोपचारतज्ज्ञ कधी असतात, एवढं लेखी घ्या. अर्जात मानसिक आरोग्य कायदा 2017 चं कलम 115 लिहा: आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे शासनाचं कर्तव्य आहे. तुमच्या वेळेनंतरच्या रात्रीसाठी प्रत्येकाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या. ती सेवा चोवीस तास आहे, मराठीत बोलते, फुकट आहे.

देणगीदार ‘किती जीव वाचवले’ विचारतील. तो आकडा कोणालाच देता येत नाही, देऊ नका. 72 तासांत किती जणांना फोन लागला, किती जण सहाव्या महिन्यापर्यंत संपर्कात राहिले, किती जण प्रत्यक्ष ओपीडीत पोचले, हे द्या. फोन करणाऱ्यांची गोष्ट किंवा फोटो अहवालात नको, नाव बदलूनही नको. गावात बैल विकला एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

पैसे असूनही काम बिघडतं ते संमतीत. पहिल्याच फोनवर विचारा: परत करू का, कोणत्या नंबरवर, कधी, दुसऱ्याने उचलला तर काय सांगू? घरात एकच फोन असतो आणि तो बहुधा पोराच्या हातात. संस्थेचं नाव न घेता ‘ताई बोलतेय’ एवढंच ठरवून घ्या, मेसेज पाठवू नका. धारा काढायच्या आणि डेअरीच्या वेळी कोणी उचलत नाही. ऊसतोड मजूर हंगाम संपला की आपल्या जिल्ह्यात परततात, त्यांचा तिकडचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

शेवटची ओळ अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही: थांबण्याचा खर्च. पैसा तीन वर्षांचा असेल तर नवीन नावं दीड वर्षानंतर घेणं बंद करावं लागतं, नाहीतर शेवटच्या माणसाचा अठरावा महिना उघड्यावर पडतो. पैसा एकाच वर्षाचा असेल तर वेळापत्रक सहा महिन्यांचं करा, आठ फोन होतात, आणि सहाव्या महिन्यानंतर नवीन नाव घेऊ नका. पुढचं अनुदान येईलच या भरवशावर यादी वाढवू नका. आलं तर त्या दिवशी पुन्हा उघडा.