‘टाइम लूप’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: ‘हॅपी डेथ डे टू यू’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला, खूप मजा आली, आता मित्रमंडळींना त्याबद्दल मराठीत लिहायचे आहे. ‘टाइम लूप’ला, म्हणजे तोच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागण्याला, ‘कालचक्र’ म्हटले तर चालेल का? आणि ‘सीक्वेल’ला ‘उत्तरार्ध’?

‘कालचक्र’ नको. कालचक्र सगळ्यांसाठी फिरते आणि पुढे सरकते. ऋतू येतात-जातात, राज्ये बुडतात, पिढ्या बदलतात. या चित्रपटात अडकते ती मुख्यतः नायिका ट्री, आणि तिचा सोमवार, १८ सप्टेंबर, काही केल्या सरत नाही. २०१७च्या पहिल्या भागातली तिची सकाळ आठवा. कॉलेजातल्या कार्टरच्या खोलीत डोळे उघडायचे, बाहेर पडायचे, की सह्या गोळा करणारी तीच मुलगी आडवी येते, हिरवळीवरचे तेच फवारे सुरू होतात, त्याच मोटारीचा भोंगा वाजतो आणि रांगेतला तोच मुलगा कोसळतो. रात्री बाळाचा मुखवटा घातलेला खुनी येतो. ती मरते आणि पुन्हा त्याच खोलीत जागी होते.

‘पहिले पाढे पंचावन्न’ जवळ जाते, पण त्यात केलेले सगळे वाया गेल्याचा सूर आहे. ट्रीचे काहीच वाया जात नाही, कारण तिला सगळे आठवते. २०१९च्या दुसऱ्या भागाचा तर सगळा डोलारा तिच्या स्मरणशक्तीवर उभा आहे. कार्टरचा खोलीतला सोबती रायन, त्याच्या यंत्रामुळे ती दुसऱ्याच जगात जाऊन पडते. तिथेही सोमवारच, पण तिथे तिची आई जिवंत आहे आणि तिचा प्रियकर कार्टर तिच्याच मैत्रिणीबरोबर, डॅनिएलबरोबर, फिरतो आहे. परत जायचे तर यंत्राचे समीकरण जुळायला हवे. दिवस उलटला की बाकीचे सगळे विसरतात, म्हणून फसलेली समीकरणे पाठ करायचे काम ट्रीकडे. पाठ झाले की मरायचे आणि सकाळी उठून घडाघडा म्हणून दाखवायचे. त्यासाठी ती लाकडे भरडणाऱ्या यंत्रात उडी घेते, पॅराशूटशिवाय विमानातून झेपावते. ट्रीची भूमिका करणारी जेसिका रोथ हे इतक्या ठसक्यात करते की मरणाचे प्रसंग पाहताना पोट दुखेपर्यंत हसू येते. आईजवळ राहावे की परत जावे, हा पेचही तिनेच तोलून धरला आहे. माझ्या मते हा भाग पहिल्याहून सरस आहे, आणि त्याचे श्रेय तिचे.

म्हणून मी शब्द सुचवेन ‘चकवा’. गावाकडे चकवा लागतो तो असा: रानातून रात्रभर चालावे, पाय मोडून यावेत, आणि पाहावे तर आपण पुन्हा त्याच झाडाखाली. पायांना थकवा असतो, चालल्याची आठवण असते, फक्त वाट सुटत नाही. ट्रीचेही नेमके हेच होते. पहिल्या भागात तर आधीच्या मरणांच्या खुणा तिच्या शरीरात साठत जातात. शिवाय या शब्दाला भुताटकीचा वास आहे आणि ‘चकवणे’मधला खट्याळपणाही. भय आणि विनोद एकाच शब्दात मिळत असतील तर आणखी काय हवे? फरक एवढाच की चकवा लागला तर जागच्या जागी बसून राहावे, उजाडल्यावर वाट सापडते, असे जुने लोक सांगतात. इथे घोळ उजाडण्यातच आहे.

‘कालचकवा’ असा जोडशब्द मात्र करू नका, तो ‘काल’ म्हणजे आदल्या दिवसाशी जाऊन भिडतो. ‘काळाचा चकवा’ म्हणा. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीतला काळ म्हणजे मृत्यू. वेळ आणि मृत्यू हे दोन्ही अर्थ या कथेला लागतात, आणि ते ‘काळ’ या शब्दात आधीपासूनच आहेत.

‘उत्तरार्ध’ म्हणजे एकाच कृतीचा दुसरा अर्धा भाग, तेव्हा तोही नको. सरळ ‘दुसरा भाग’ लिहा. ‘झपाटलेला’नंतर वीस वर्षांनी, २०१३मध्ये ‘झपाटलेला २’ आला तेव्हा नुसत्या आकड्यावर आपले भागलेच होते. ‘टू यू’मध्येही तो दोनचा आकडा श्लेषाने दडलेला आहे. ‘हॉरर कॉमेडी’ला ‘भयविनोदी चित्रपट’ बरोबर आहे, पण बोलताना मी ‘धमाल भुताटकी’ म्हणणार नाही, कारण या चित्रपटात भूत नाही. ‘धमाल भयपट’ म्हणेन.

मित्रांना असे लिहून पाहा: ‘ट्रीला पुन्हा काळाचा चकवा लागलाय, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा धमाल आहे.’