माउथ ऑर्गन घेताना

प्रश्न : नववीतल्या मुलीला जुनी चित्रपटगीते वाजवायची आहेत. बेताच्या खर्चात कोणता माउथ ऑर्गन घ्यावा?

उत्तर : सुरुवातीला २४ छिद्रांचा ट्रेमोलो पुरेसा आहे. त्यात प्रत्येक स्वराच्या दोन रीड (सूर देणाऱ्या धातूच्या पातळ पात्या) किंचित वेगळ्या लावलेल्या असल्याने सूर थरथरतो, मात्र कोमल स्वर आणि तीव्र मध्यम त्याच पट्टीत मिळत नाहीत. १० छिद्रांचा डायटॉनिक (एकाच पट्टीच्या शुद्ध स्वरांचा) खिशात मावतो खरा, पण त्याच्या खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत थेट नसतात. ते श्वासाने सूर वाकवूनच, म्हणजे खाली उतरवूनच, काढावे लागतात, आणि नवशिक्याला ते जड जाते. थोडे थांबून पैसे साठवता आले, तर १२ छिद्रांचा क्रोमॅटिकच घ्यावा, कारण बाजूचे बटण दाबताच सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि बाराही स्वर हाती येतात. वापरलेले वाद्य मात्र, स्वस्त मिळाले तरी, घेऊ नये.