पिशव्या बंद करायच्या क्लिपा खरोखर उपयोगी असतात का, की नुसता पसारा?

एकदा उघडलेली खाद्यपदार्थांची पिशवी बंद करण्यासाठी ज्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, त्यांचा पावसाळ्यात भरवसा धरता येतो का, त्यांपैकी कोणती घ्यावी आणि त्यापेक्षा सरळ डबे घेतलेले बरे नाहीत का, असे आपण विचारले आहे. क्लिपा उपयोगी पडतात. एवढ्यावर थांबता आले असते, परंतु आपल्या प्रश्नातला ‘नुसता पसारा’ हा शब्द मी २०१७ सालापासून माझ्या थोरल्या नणंदेच्या तोंडून ऐकत आले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आम्ही रत्नागिरीला राहतो. जुलै महिन्यात आमच्याकडे हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते, काडेपेटी पेटत नाही, आणि दुपारी उघडलेली बिस्किटे संध्याकाळी चहात बुडवायची गरज राहत नाही. त्या वर्षी मे महिन्यात माझा भाचा, म्हणजे वन्संचा धाकटा मुलगा, स्वीडनहून सुटीवर आला होता. त्याने येताना आयकिया या तिकडच्या घरसामानाच्या कंपनीच्या ‘बेव्हारा’ नावाच्या क्लिपांची दोन पाकिटे आणली, एक आईसाठी आणि एक माझ्यासाठी. एका पाकिटात लहानमोठ्या मिळून तीस क्लिपा. ‘बेव्हारा’ या स्वीडिश शब्दाचा अर्थ जपून ठेवणे, राखणे असा होतो, हेही त्यानेच सांगितले. तिकडे प्रत्येक घराच्या ओट्याखालच्या खणात अशा मूठभर क्लिपा पडलेल्या असतात असे त्याचे म्हणणे होते. (आता त्या स्वीडनहून आणाव्या लागत नाहीत, डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला त्यांचे दुकान उघडले, आणि तशा धर्तीच्या क्लिपा कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळतात.) वन्संनी आपले पाकीट उघडूनही न पाहता माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, “हे आळशी बायकांचे डबे. तुलाच ठेव.”

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिले. ती चूक झाली.

त्याच मे महिन्यात मी काप्या फणसाचे गरे तळले होते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना त्यातला घाम सांगायला नको. खोबरेल तेलात तळलेले ते गरे मी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या सहा पिशव्यांमध्ये भरून, करवतीच्या पात्याला पिशवीची कड लावून मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवल्या होत्या. आमच्याकडे पूर्वीपासून असेच करतात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या मुलीला पाहायला मंडळी येणार म्हणून आदल्या दिवशी त्यांतील एक पिशवी कापून मी गरे चाखून पाहिले, ते कुरकुरीत होते, आणि पिशवीला भाच्याने दिलेली क्लिप लावून ती फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या बशीत जे गरे गेले ते चामड्यासारखे चिवट होते. मुलाकडच्या आजीने एक गरा तोंडात घेऊन बराच वेळ गालात धरून ठेवला. मी काही बोलायच्या आत वन्सं सर्वांसमक्ष म्हणाल्या, “डब्यात ठेवले असते तर राहिले असते. आमच्या वहिनीला चिमट्यांचे वेड लागले आहे.”

लग्न पुढे तिथेच ठरले, त्यामुळे गऱ्यांनी फार मोठे नुकसान केले असे म्हणता येणार नाही. परंतु त्यानंतर आमच्या घरात जे जे मऊ पडले, ज्याला ज्याला बुरी आली आणि ज्यात ज्यात किडे झाले, ते सगळे माझ्या क्लिपांच्या खात्यावर जमा होऊ लागले. तेव्हा श्रावण संपण्यापूर्वी या प्रकरणाचा एकदाचा निकाल लावायचा असे मी ठरवले.

पहिला प्रयोग पंक्चर काढणाऱ्याकडे पाहून सुचलेला होता. तीच रिकामी पिशवी पुसून मी तिच्यात हवा भरली, पूर्वीप्रमाणेच क्लिप लावली आणि बादलीभर पाण्यात दाबून धरली. तोंडाच्या बरोबर मधून बुडबुड्यांची माळच वर आली. नीट पाहिल्यावर कारण कळले. ती पिशवी दोन्ही बाजूंना आत घडी असलेली होती. अशा पिशवीच्या कडांना प्लास्टिकचे चार पदर असतात आणि मध्ये दोनच. क्लिप सरळ असते, ती चार पदरांवर टेकून थांबते, आणि मधले दोन पदर तिच्या दाबाखाली येतच नाहीत. शिवाय मी लहान क्लिप घेतली होती आणि ती बसावी म्हणून पिशवीचे तोंड चुण्या करून गोळा केले होते. प्रत्येक चुणी म्हणजे हवेसाठी एक नळी. मग मी पिशवी बदलली नाही, क्लिप मात्र मोठी घेतली. तोंड सपाट केले, आतली हवा हाताने दाबून बाहेर काढण्याऐवजी प्रयोगापुरती ठेवली, तोंडाच्या तीन घट्ट घड्या घातल्या आणि त्या घड्यांवर क्लिप लावली. पाण्यात एकही बुडबुडा आला नाही. पिशवी बंद होते ती घडीने, आणि क्लिपचे काम ती घडी सुटू न देणे एवढेच आहे. हे ज्याला कळले त्याला कोणतीही क्लिप चालते आणि ज्याला कळले नाही त्याला कोणतीच चालत नाही.

बादलीचा प्रयोग वन्संना पटला नाही, कारण फडताळात पाणी नसते. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, म्हणून दुसरा प्रयोग मिठाचा केला. हवेतील आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊ लागते, आणि जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असल्यामुळे ते आणखी लवकर ओलावते. म्हणजे पावसाळ्यात आत किती दमट हवा शिरली याचा हिशेब मीठ आपोआप ठेवते, फक्त ते वजन करून वाचावे लागते. स्वयंपाकघरातील काट्यावर मी शंभर-शंभर ग्रॅम जाडे मीठ पाच ठिकाणी मोजून ठेवले: उघड्या वाटीत, वन्संच्या आवडत्या स्टीलच्या डब्यात, रबर लावलेल्या पिशवीत, घडी न घालता क्लिप लावलेल्या पिशवीत आणि तीन घड्यांवर क्लिप लावलेल्या पिशवीत. डबा त्यांच्याच घरचा मागून आणला होता, म्हणजे नंतर वाद नको.

आठ दिवसांनी वाटीतले मीठ स्वतःच्याच पाण्यात बसले होते. डब्यातले चार ग्रॅमने वाढले होते, रबराच्या पिशवीतले आणि घडी नसलेल्या पिशवीतले तीन-तीन ग्रॅमने, आणि घडी घालून क्लिप लावलेल्या पिशवीतले एक ग्रॅमने. स्टीलचा डबा पाहायला भक्कम असतो, परंतु त्याच्या झाकणाला रबराची कडी नसेल तर झाकण आणि काठ यांच्यामध्ये सगळीकडून फट असते. शिवाय वस्तू संपत जाते तशी डब्यात हवेची जागा वाढत जाते आणि प्रत्येक वेळी झाकण काढले की ती सगळी हवा बदलते. पिशवीतली हवा दाबून काढता येते. डब्याला पिळता येत नाही. माझ्या सासूबाई चिवड्याच्या डब्याच्या झाकणाखाली वर्तमानपत्राचा कागद घालून मग झाकण ठोकून बसवत असत, ते याच कारणाने. आणि वन्सं त्यांच्याच पोटच्या असून तो कागद घालत नाहीत, हे मी मुद्दाम इथे नोंदवून ठेवते.

ते वजन पाहून त्या काय म्हणाल्या ते पुढे सांगते, आधी आपण विचारलेल्या प्रकारांविषयी. स्प्रिंगचे चिमटे आमच्या हवेत घेऊ नयेत. स्प्रिंग गंजते आणि तिचा तांबडा डाग पिशवीवर येतो. कपड्यांचे चिमटे एका बिंदूवर दाबतात, संपूर्ण तोंडावर नाही, त्यामुळे ते निरुपयोगी आहेत. कचेरीतील काळ्या क्लिपा दाब चांगला देतात, तरी गंजतातच. दुधाच्या पिशव्यांवरून जमवलेली रबरे उन्हाळ्यात चिकट होतात आणि पावसाळ्यात तुटतात. स्टेपलर कृपया वापरू नका, ती पिन कधीतरी कोणाच्या तरी घशात जाते. एक दांडी आणि तिच्यावर सरकवायची पन्हाळीसारखी नळी अशी दोन तुकड्यांची जी क्लिप असते, ती पाच-दहा किलोच्या तांदळाच्या पिशवीला सर्वांत उत्तम, परंतु दोन तुकड्यांपैकी एक हरवतोच. रोजच्या वापराला एकसंध बिजागरीची लांब क्लिप घ्यावी. तिच्या बिजागरीला वेगळा खिळा नसतो, तेच प्लास्टिक तिथे पातळ केलेले असते. हे प्लास्टिक पॉलीप्रॉपिलीन असेल तर हजारो वेळा उघडझाक केली तरी बिजागरी तुटत नाही, कारण पहिल्यांदा वाकवतानाच त्याचे रेणू बिजागरीच्या रेषेला आडव्या दिशेने ताणले जाऊन ओळीत बसतात. क्लिपेवर किंवा पाकिटावर त्रिकोणात ५ हा आकडा दिसला की ते पॉलीप्रॉपिलीन. काचेसारखी पारदर्शक, टणक आणि स्वस्त क्लिप दुसऱ्याच कुठल्या प्लास्टिकची असते आणि महिनाभरात तिचे दोन तुकडे होतात. लांबी पिशवीच्या सपाट तोंडापेक्षा बोटभर जास्त असावी. लहान क्लिपा मसाल्यांच्या पुड्यांपलीकडे कशालाही लावू नयेत, आणि हे मी गऱ्यांची किंमत मोजून सांगत आहे.

पाश्चात्त्य देशांत पावाच्या पिशवीच्या मानेला जो चपटा, खाचेचा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो अमेरिकेतील फ्लॉइड पॅक्स्टन या गृहस्थांनी १९५२ साली सफरचंदांच्या पिशव्यांसाठी काढला. तोही पुन्हा वापरता येतो, परंतु तो मान पिळून लावायचा असतो आणि आपल्या पावसाळ्याला पिळलेली मान पुरत नाही.

डब्यांपेक्षा क्लिपेचा एक फायदा आहे, जो मला कोणी सांगितला नव्हता. वस्तू मूळ पिशवीत राहते, त्यामुळे ती कधी भरली, कधीपर्यंत वापरायची आणि तिच्यात काय काय आहे हे शेवटच्या चिमटीपर्यंत वाचता येते. डब्यात आपण जुन्या रव्यावर नवा रवा ओततो आणि खालच्या रव्यातल्या अळ्यांना ताजे घर देतो. २०१८ साली आपल्या राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा वन्सं मला म्हणाल्या होत्या की आता तुझ्या पिशव्याच बंद होणार, म्हणजे क्लिपा कशाला लावशील? मैद्याची, डाळीची आणि फरसाणाची कारखान्यात भरलेली पिशवी अजूनही तशीच येते. दुकानदार हातात देत असे ती पातळ पिशवी गेली, आणि तिला क्लिप लावण्यात तसाही अर्थ नव्हता.

आता ज्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. क्लिप किडे थांबवत नाही. तांदळातील पोरकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते, म्हणजे किडा पिशवीबरोबरच घरात आलेला असतो. त्यावर उपाय उन्हाचा, आणि रव्यासाठी भाजून ठेवण्याचा किंवा तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवण्याचा. बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरलेला असतो, तो पाकीट फोडताच जातो आणि क्लिप लावून परत येत नाही. मऊ पडलेली वस्तू क्लिप लावून कुरकुरीत होत नाही. ओलसर हात पिशवीत घातला असेल तर क्लिप तो ओलावा आत कोंडून ठेवते, आणि अशा वेळी तिच्यामुळे बुरशी लवकर येते. उंदीर असतील तर वन्संचे बरोबर आहे, डबाच घ्यावा.

आणि मिठाचे वजन पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “मीठ म्हणजे गरे नव्हेत.” हे मात्र खरे आहे. गऱ्यात तेल असते, आणि साध्या प्लास्टिकमधून पाण्याची वाफ फारशी आत येत नसली तरी प्राणवायू येत राहतो, त्यामुळे कितीही घड्या घातल्या तरी तळलेली वस्तू आज ना उद्या खवट होणार. गऱ्यांवर तोच प्रयोग करून दाखवण्यासाठी मी पुढच्या मे महिन्यात पाच वाटे बाजूला काढले होते. आठ दिवस पूर्ण होण्याआधी आमच्या ह्यांनी आणि जावयाने मिळून त्यांतील तीन वाटे संपवले, त्यामुळे निकाल लागू शकला नाही.

आपल्या प्रश्नापुरते सांगायचे तर चार माणसांच्या घराला दहा लांब क्लिपा पुरतात, तीसची गरज नसते. माझ्याकडे दोन्ही पाकिटांच्या मिळून साठ होत्या, त्यांपैकी छप्पन्न अजून शाबूत आहेत. तुटलेल्या चारांपैकी तीन मी खिडकीत उन्हात ठेवत असे, त्यामुळे त्या कडक होऊन मोडल्या. चौथी कशी मोडली ते मी लिहीत नाही, कारण ती वन्संच्या स्वयंपाकघरात मोडली.