पाहिल्यावाचून विश्वास ठेवायचा, पण संशय आला तर?

देव दिसत नाही, पुरावा देता येत नाही, आणि आता मनात संशय आलाय. म्हणजे माझं तारण, माझी मुक्ती, गेली का? ख्रिस्ती घरांतून समुपदेशनाला येणारी माणसं हा प्रश्न विचारतात, तेव्हा बहुतेकांचा आवाज आपोआप खाली येतो. घरी बोललं तर आई रडेल, चर्चच्या मंडळीत बोललं तर सगळ्यांसमोर आपल्यासाठी प्रार्थना होईल, ही धास्ती असते. त्यांतल्या एकीबद्दल तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती तिशीतली परिचारिका, मूळची नगर जिल्ह्यातली. शब्बाथ शाळेत वचनं पाठ करून बक्षिसं मिळवलेली. वडिलांना कर्करोग झाला तेव्हा मंडळीने उपास-प्रार्थना केली. तिने अतिदक्षता विभागात रोज मृत्यू पाहिलेला, वडिलांचे रिपोर्ट तिला वाचता येत होते, तरी तिने प्रार्थना सोडली नाही. वडील गेले. दफनानंतर घरी आलेले एक गृहस्थ म्हणाले, “कुठेतरी विश्वास कमी पडला.” पुढे एका उपासनेत कुणीतरी उभं राहून आपल्या बरं होण्याची साक्ष दिली आणि ती मधूनच उठून बाहेर आली.

“ताई, मग मी इतकी वर्षं रात्री कुणाशी बोलत होते?” तिने मला विचारलं.

त्या गृहस्थांच्या वाक्याबद्दल मला आधी बोलायचं आहे, कारण असं वाक्य मी अनेकांच्या मनात रुतलेलं पाहिलं आहे. ते क्रूर आहे, आणि शास्त्राला धरूनही नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूने दोघांवरही दोष ठेवला नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात ते स्पष्ट आहे. आजारी माणसाच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाने तो अध्याय वाचून जावं.

मी स्वतः ख्रिस्ती आहे, हे तिला ठाऊक होतं. म्हणून पहिल्याच भेटीत सांगितलं, की तुला विश्वासात परत आणणं हे माझं काम नाही आणि त्यातून बाहेर काढणंही नाही. आधी झोप, जेवण, कामावरचं लक्ष, जगण्याचा कंटाळा यांबद्दल विचारलं. संशयाच्या आड पुष्कळदा न रडलेला शोक असतो, कधी नैराश्य असतं. नैराश्य असेल तर नुसती वचनं सांगत बसणं धोक्याचं. मरणाचे विचार असतील तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा लागतो. तिचं तसं नव्हतं. पण झोप मोडलेली होती, आणि रात्री ती जे करत होती ते तिने फार संकोचून सांगितलं.

ती पुरावे शोधत होती. येशूचं शव ज्यात गुंडाळलं होतं असं काही जण मानतात, त्या ट्युरिनच्या कफनावरचे व्हिडिओ एकामागून एक. 1988 मध्ये तीन प्रयोगशाळांनी कार्बन पद्धतीने त्या कापडाचा काळ 1260 ते 1390 च्या दरम्यानचा ठरवला, हे ऐकलं की ती कोसळायची. त्या चाचणीवर आक्षेप घेणारा व्हिडिओ लागला की तासभर सावरायची. मग देवाच्या परीक्षा: तू असशील तर दहाच्या आत फोन वाजू दे. फोन वाजला तर योगायोग वाटायचा, नाही वाजला तर उत्तर मिळाल्यासारखं व्हायचं. आणि दिवसभर स्वतःची तपासणी, आत्ता माझा विश्वास आहे का? आत्ता?

अशा तपासणीने खात्री वाढत नाही, घटते. कुलूप लावलंय का हे दहादा बघणाऱ्याला दहाव्यांदा जास्तच शंका येते, तसंच हे. काहींच्या बाबतीत हे मंत्रचळेपणाच्या आजारापर्यंत जातं आणि त्यावर उपचार असतात. जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांना 1522 च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा इथे असाच त्रास झाला होता. पापाची कबुली पुनःपुन्हा देऊनही समाधान होईना, जीव द्यावासा वाटू लागला. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे.

तेव्हा आम्ही परीक्षा थांबवण्यापासून सुरुवात केली. रात्री फोन दुसऱ्या खोलीत. “विश्वास आहे का?” हा प्रश्न आला की त्याचं उत्तर लगेच द्यायचं नाही, येऊ द्यायचा आणि हातातलं काम चालू ठेवायचं. पहिले काही दिवस तिला हे असह्य झालं. नंतर तपासणी ओसरली आणि खालचा खरा प्रश्न वर आला. त्या कापडाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. बाबा तडफडत होते तेव्हा तू कुठे होतास, हे तिला देवाला विचारायचं होतं, आणि तसं विचारणं पाप आहे असं ती लहानपणापासून समजत आली होती.

मी तिला बायबलमधलं स्तोत्र 88 वाचायला दिलं. स्तुतीकडे न वळता ते अंधारातच संपतं. तिने ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदा ती मोकळेपणाने रडली.

येशू पुन्हा उठला हे पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा शिष्य म्हणजे थोमा. त्याचा विषय तिनेच काढला. “पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य, असं आहे ना? मग मी धन्य नाही.” आम्ही योहानाचा 20वा अध्याय नीट वाचला. बाकीच्या शिष्यांनाही येशूने हात आणि कूस दाखवली, मग ते आनंदले. थोमा त्या संध्याकाळी तिथे नव्हता, एवढाच फरक. आठ दिवस त्याने मानलं नाही, तरी त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही, आणि तोही सोडून गेला नाही. येशू आला तेव्हा त्याने थोमाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उचललं आणि हात पुढे केले. थोमाने जखमेत बोट घातलं असं चित्रांत दिसतं, वचनात तसं लिहिलेलं नाही. आणि मेलेल्या लाजराकडे येशू जायला निघाला तेव्हा “आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ” म्हणणारा हाच थोमा होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

रुग्णांमध्ये आयुष्य जाणाऱ्या तिला मदर तेरेसांचाही आधार वाटला. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली आणि कळलं की अनेक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवत नव्हता. काम मात्र चालू होतं.

आता ती मागच्या बाकावर बसते. पंथमताची, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीची, जी ओळ म्हणवत नाही तिथे गप्प राहते. पाळकसाहेबांना तिने हे सांगितलं आहे, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, त्याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात. तिचा प्रश्न सुटलेला नाही. झोप लागते, आणि आईशी बाबांबद्दल बोलता येतं.

घरच्यांना एवढंच सांगेन. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं लक्ष्मीबाई आपल्या गतीने चालल्या. तुमच्या मुलाने किंवा सुनेने संशय बोलून दाखवला तर लगेच वचन काढू नका. काय झालं, कधीपासून, ते विचारा. उपासनेला येतेस का, असं एकदा विचारा, नाही म्हणाली तर जेवायला वेगळं बसवू नका. आणि झोप, जेवण तुटलेलं दिसलं तर पाळकांबरोबर डॉक्टरांकडेही न्या.